दाते खाली, हात मोकळे

घरच्या शिलाई मशीनवर फ्री-मोशन क्विल्टिंग शिकायला बसलेल्या बाईला पहिल्याच धड्यात मशीनचा एक महत्त्वाचा भाग बंद करावा लागतो. सुईखालच्या पट्टीतून वर येणारे, कापड पकडून मागे नेणारे दाते ती खाली उतरवते. जुन्या मशीनवर दाते उतरवायची सोय नसेल, तर त्यांच्यावर पत्र्याची छोटी झाकणी बसवते. मग नेहमीचा दाबून धरणारा पाय काढून रफूचा पाय लावते. हा पाय कापडाला जेमतेम टेकतो आणि सुईबरोबर वरखाली होत राहतो. आता कापड पुढे सरकवणारे मशीनमध्ये काहीच उरलेले नसते. वरचे जोडकाम, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर असे क्विल्टचे, म्हणजे या पांघरुणाचे, तिन्ही थर ती दोन्ही तळव्यांनी ताणून धरते आणि सुईखाली हवे तसे फिरवते: पुढे, मागे, तिरके, गोल. पान, पीस, वेल, गोटे, नागमोडी रेघ, जे काढायचे ते टिपेने तिन्ही थरांवर उमटत जाते.

अमेरिकेत आणि इतरत्रही या तंत्राकडे पाहण्याची एक रूढ नजर आहे. खरी क्विल्ट हाताने टाके घातलेली. मशीनची क्विल्ट म्हणजे वेळ नसलेल्या बायकांनी शोधलेली पळवाट, आणि तीही अलीकडची, १९८० नंतरची. या समजातल्या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. मशीनवरची क्विल्ट घरगुती मशीनइतकीच जुनी आहे आणि तिच्याविषयीचा दुरावा तिच्याहून कितीतरी तरुण आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मशीनने शिवणाऱ्या हातातून जे एक काम काढून घेतले होते, म्हणजे पुढचा टाका कुठे पडणार हे ठरवण्याचे, तेच फ्री-मोशनने हाताला परत मिळवून दिले. हाताचे काम आणि यंत्राचे काम यांची नेहमीची वाटणी या तंत्राला लागूच पडत नाही. हे पटवायचे तर सुरुवात त्या दात्यांपासूनच करावी लागते.

शिलाई मशीनच्या इतिहासात सुई-धाग्याचा प्रश्न आधी सुटला, कापड सरकवण्याचा नंतर. एलायस हाउ यांना १८४६ साली अमेरिकेत ज्या मशीनचे पेटंट मिळाले, त्यात टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा धागा नेणारे शटल अशी जोडी होती. वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकून पक्की टीप पडावी, ही आजच्या घरगुती मशीनमागची कल्पना तिथेच आहे. पण कापडाचे काय? हाउ यांच्या मशीनमध्ये ते एका पट्टीवरच्या टाचण्यांना उभे अडकवावे लागे. पट्टी संपली की शिवण थांबे. कापड सोडवून पुन्हा अडकवायचे आणि पुढची वीतभर शिवण घालायची. वळणदार शिवण त्यावर जमतच नसे. आयझॅक सिंगर यांच्या १८५१ च्या मशीनने कापड आडवे टेबलावर आणले, सुई सरळ वरखाली केली, वरून दाबणारा पाय दिला आणि खालून दातेरी चाकाने कापड पुढे ढकलले. या प्रश्नाचे टिकाऊ उत्तर मात्र ॲलन विल्सन यांचे, १८५४ च्या पेटंटमधले. दाते वर येतात, कापड पकडून सरकतात, खाली बसतात आणि मोकळेच मूळ जागी परततात. या चार हालचाली सुईच्या प्रत्येक फेरीबरोबर होतात. आपल्याकडच्या काळ्या पायमशीनपासून आजच्या संगणकीय मशीनपर्यंत मूळ रचना हीच राहिली.

या रचनेने शिवणकामाचे रूप बदलले. हाताने शिवताना प्रत्येक टाक्याला बोटे दोन निर्णय घेतात: टाका किती लांब आणि कोणत्या दिशेने. दाते आल्यावर लांबी एका स्क्रूने ठरू लागली आणि दिशा सरळ झाली. सदरा, झगा, चादर यांना नेमके हेच हवे होते. १८६० च्या सुमारास अमेरिकन नियतकालिकांत छापून आलेल्या तुलनेनुसार पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला चौदा तासांहून अधिक वेळ लागे, मशीनवर सव्वा तास. घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईला हा फरक काय वाटला असेल ते सांगायला नको. क्विल्टचे गणित मात्र वेगळे असते. क्विल्टवरचे टाके दोन कामे करतात. ते थर एकमेकांना धरून ठेवतात आणि त्याच वेळी कापडावर चित्र काढतात. टाक्याजवळ कापड दबते, दोन टाक्यांच्या मध्ये फुगते आणि त्या उंचसखलपणातून नक्षी दिसते. पहिल्या कामाला दाते उत्तम. दुसऱ्या कामात ते आडवे येतात, कारण दात्यांच्या दिशेनेच जायचे असेल तर एका गोल पानासाठी अख्खी क्विल्ट सुईभोवती फिरवावी लागते.

तरीही बायकांनी थांबून वाट पाहिली नाही. यादवी युद्धानंतरच्या दशकांतल्या अमेरिकन क्विल्ट्समध्ये मशीनची टीप सर्रास सापडते: कधी तुकडे जोडायला, कधी कडेच्या पट्टीला आणि कधी थेट वरच्या नक्षीत, सगळ्यांना दिसेल अशी. मशीनच्या जोडसामानाच्या पेटीत समांतर रेघा घालण्यासाठी वाकवलेली तार मिळे. ती आधीच्या रेघेवर टेकवून पुढची रेघ घालायची. म्हणजे क्विल्ट मशीनवर होणार हे कारखानदारांनीही गृहीत धरले होते. बार्बरा ब्रॅकमन आणि सुएलेन मेयर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या क्विल्ट्स तपासून दाखवले आहे, की या टिपा लपवलेल्या नाहीत. रंगीत ॲप्लिकच्या, म्हणजे वर शिवलेल्या तुकड्यांच्या, कडेवर पांढऱ्या धाग्याची टीप घालणाऱ्या बाईला ती दिसायलाच हवी होती. यामागचे कारण किमतीत आहे. १८५० च्या दशकात एक मशीन शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग होते. साध्या कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा. सिंगरचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली, ती ते घराघरात पोचावे म्हणून. मुख्य पेटंटे १८७७ पर्यंत संपली आणि मग किमती झपाट्याने खाली आल्या. त्याआधीच्या काळात मशीनची टीप ही घरात मशीन असल्याची खूण होती. पाहुण्यांसाठी अंथरायच्या क्विल्टवर ती कौतुकाने मिरवली जाई. आज जी गोष्ट कमीपणाची मानली जाते ती त्या बाईला अभिमानाची होती, आणि तिने क्विल्टवरच तसे लिहून ठेवले आहे.

इथे कुणी म्हणेल, त्या टिपा सरळ रेघांच्या होत्या. दाते चालू ठेवून, मार्गदर्शक तार लावून घातलेल्या. त्यात हाताचा मोकळेपणा कुठे? आक्षेप रास्त आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक मशीन-क्विल्ट्स दात्यांच्या शिस्तीतल्याच आहेत. पण दाते बंद करून हाताने कापड फिरवायची विद्या त्या काळी नव्हती असे नाही. ती घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात वाढत होती. एक कोपरा रफूचा. फाटलेल्या चादरीवर, मोज्याच्या टाचेवर मशीनने जाळे विणायचे तर कापड पुढे-मागे हातानेच न्यावे लागते. दाते त्यात अडथळाच करतात. दात्यांवरची झाकणी आणि रफूचा पाय या वस्तू त्यासाठीच आल्या. दुसरा कोपरा भरतकामाचा. फ्रान्समध्ये आंत्वान बोनाझ यांनी १८६० च्या दशकात हाताच्या मुठीने दिशा देता येणारे साखळीटाक्याचे भरतकामाचे मशीन काढले. ते पुढे कॉर्नेली या नावाने जगभर गेले. ते कारखान्याचे यंत्र होते. घरगुती मशीनसाठी सिंगर कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी भरतकामाची सविस्तर सूचना-पुस्तके छापली. पाय काढा, दाते झाका, कापड रिंगमध्ये ताणून बसवा, रिंग दोन्ही हातांनी फिरवा: आजच्या फ्री-मोशनचा पहिला धडा त्या पुस्तकांत जवळजवळ जसाच्या तसा आहे, तोही पायाने चालवायच्या मशीनवर. लंडनमध्ये सिंगरच्या भरतकाम विभागात अनेक वर्षे काम केलेल्या डोरोथी बेन्सन यांनी १९४६ मध्ये घरगुती मशीनच्या कलात्मक शक्यतांवर पुस्तक लिहिले, तेव्हा ही विद्या चांगली प्रौढ झाली होती.

हिंदुस्थानातही ती आली. सिंगरचा इथला कारभार दीर्घकाळ मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होता, आणि मशीन विकण्याबरोबर ते चालवायला शिकवणे हा त्या धंद्याचाच भाग होता. पुढे कलकत्त्यात १९३० च्या दशकात उषा मशीन बनू लागले. आपल्या शिवणक्लासांत अजूनही साध्या काळ्या मशीनचा पाय काढून, रिंग लावून मशीन-भरतकाम शिकवले जाते, आणि जुन्या बाजारपेठांतले रफूवाले पँटचा गुडघा त्याच पद्धतीने भरून देतात. फ्री-मोशन क्विल्टिंग हे नाव न ऐकताही त्यामागची मूळ हातोटी महाराष्ट्रातल्या पुष्कळ बायकांच्या आणि कारागिरांच्या अंगवळणी पडलेली आहे.

मग ही विद्या क्विल्टपर्यंत पोचायला इतका वेळ का लागला? एक कारण अगदी साधे आणि शारीरिक आहे. साध्या घरगुती मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यात वीतभरही जागा नसते. तेवढ्या फटीतून दुहेरी पलंगाची, कापूस भरलेली क्विल्ट गुंडाळी करून न्यायची, तीही मध्यभागी नक्षी काढताना अर्धी क्विल्ट त्या फटीत कोंबून, हे रिंगमधल्या रुमालाइतके सोपे नाही. त्यात जुना कापसाचा थर टाके दूर पडले की धुताना सरकून गोळे व्हायचा, म्हणून टाके दाट हवेत. आणि दाट टाके म्हणजे त्या फटीत जास्त तास. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर न सरकणारे पॉलिएस्टरचे थर आले आणि नंतर चांगले घट्ट कापसाचे थरही मिळू लागले, तेव्हा ही अडचण कमी झाली.

दुसरे कारण रुचीचे आहे, आणि माझ्या मते तेच जास्त वजनाचे. १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले आणि त्याच्या आगेमागे जुन्या वसाहतकाळाविषयी एक हळवे आकर्षण पसरले. चूल, चरखा, मेणबत्ती आणि क्विल्ट ही त्या गेलेल्या सोज्वळ काळाची चिन्हे ठरली. वास्तविक वसाहतकाळात क्विल्ट्स थोड्या होत्या आणि बहुतेक खात्यापित्या घरांत होत्या. तुकडेजोडीची क्विल्ट घरोघरी पसरली ती एकोणिसाव्या शतकात, कारखान्यात विणलेले छापील सुती कापड स्वस्त झाल्यावर. म्हणजे जिला यंत्रयुगाआधीची समजून जपले, ती क्विल्ट मुळात यंत्रयुगाचेच लेकरू होती. पण आठवणींची बाजारपेठ इतिहासाला विचारून चालत नाही. १९१५ मध्ये मेरी वेबस्टर यांचे क्विल्टवरचे पहिले संपूर्ण पुस्तक आले, मासिकांतून नमुने आणि तयार कापलेले संच विकले जाऊ लागले, आणि या सगळ्या लाटेत क्विल्टवर हाताचाच टाका शोभतो ही कल्पना घट्ट बसली. ज्या आजीने १८७० मध्ये अभिमानाने मशीनची टीप मिरवली, तिच्या नातीला ती टीप ग्राम्य वाटू लागली.

हाताचा टाका म्हणजे प्रामाणिक टाका, या समजुतीची परीक्षा १९३३ मध्ये झाली. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स कंपनीने देशव्यापी क्विल्ट स्पर्धा घेतली. महामंदीचे दिवस, पहिले बक्षीस एक हजार डॉलर. सुमारे २४ हजार क्विल्ट्स आल्या. क्विल्ट स्पर्धकाने स्वतः केलेली असली पाहिजे, अशी अट होती. पहिले बक्षीस मिळालेली केंटकीतली क्विल्ट अतिशय बारीक हाताच्या टाक्यांची होती आणि ती नंतर एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. बऱ्याच वर्षांनी ब्रॅकमन आणि मेरीके वॉल्डव्होगल यांच्या संशोधनातून ठळकपणे पुढे आले, की जिच्या नावावर बक्षीस गेले तिने त्यात टाका घातलाच नव्हता. मजुरीवर काम करणाऱ्या दुसऱ्या बायकांनी ती शिवली होती, आणि त्या हजार डॉलरमधले त्यांना काही मिळाले नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. परीक्षकांनी टाके पाहिले, त्यांची बारकाई पाहिली, आणि त्यांना जे कळायला हवे होते तेच टाक्यांनी सांगितले नाही. काम हाताचे होते याबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता हात कुणाचा, आणि तो कुणी विचारलाच नाही.

१९७० च्या दशकात क्विल्टला दुसरा बहर आला, तेव्हाही हीच समजूत सोबत आली. जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या क्विल्ट्स १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि क्विल्ट कलेच्या दालनात शिरली. साधेपणाने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या क्विल्ट्सना मोठा भाव आला. त्यांचे तुकडे बहुधा पायमशीनवर जोडलेले असत, वरचे टाके हाताचे, आणि खरेदीदाराच्या नजरेत सगळी क्विल्टच हाताची ठरे. १९७६ मधल्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने हौशी क्विल्टकारांची मोठी पिढी तयार झाली. तिच्या वर्गांत मशीनची टीप जोडकामापुरती चालवून घेतली जाई. वरच्या नक्षीत नव्हे. या प्रवाहाबाहेर मात्र काही माणसे शांतपणे आपले काम करत होती. नेब्रास्कातले शेतकरी अर्नेस्ट हेट हे त्यांतले एक. अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाने १९३० च्या दशकात क्विल्टचे तुकडे जोडायला घेतले. सुरुवातीला त्यांचे वडील हाताने टाके घालून देत. मुलाचा वेग वडिलांच्या हाताला पेलेना, तेव्हा हेट यांनी मशीनवर सलग रेघांची स्वतःची पद्धत बसवली आणि १९७४ मध्ये गृहिणींसाठी तिची पुस्तिका काढली. त्यांच्या रेघा सरळच होत्या. पण मशीनवरची क्विल्ट नीटनेटकी, टिकाऊ आणि देखणी होते हे त्यांनी शेकडो क्विल्ट्स करून दाखवले.

१९८० मध्ये रॉबी आणि टोनी फॅनिंग यांचे मशीन-क्विल्टिंगवरचे मोठे पुस्तक आले. १९८७ मध्ये कोलोरॅडोच्या हॅरिएट हारग्रेव्ह यांचे आले, आणि घरच्या मशीनवर फ्री-मोशन शिकणाऱ्या पिढीचे ते पाठ्यपुस्तकच झाले. हारग्रेव्ह वर पारदर्शक नायलॉनचा धागा वापरत, म्हणजे मशीनची सलग टीप डोळ्यांत भरू नये आणि हाताच्या टाक्यासारखा फक्त खळगा दिसावा. पिढीजात क्विल्ट्सवरची पिसे, माळा, जाळ्या त्यांनी मशीनवर हुबेहूब उतरवल्या. ही त्या काळाची गरज होती: घरात शिरायचे तर हातासारखे दिसणे भाग होते. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, केंटकीतल्या पदुका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना २ : सोलर इक्लिप्स’ या क्विल्टला सर्वोत्कृष्ट ठरवले गेले. त्या प्रदर्शनात मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला हा मान पहिल्यांदाच मिळाला, आणि त्यावरून बराच वाद झाला. फॅलर्ट यांची क्विल्ट हाताच्या कामाची नक्कल करत नव्हती. तिने मशीनच्या टिपेला मशीनची टीप म्हणूनच उभे केले होते. पुढे त्याच प्रदर्शनात हाताच्या कौशल्याला आणि मशीनच्या कौशल्याला वेगवेगळी बक्षिसे दिली जाऊ लागली.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. विरोधक म्हणतात, काहीही म्हणा, टीप मशीनच घालते. बाई फक्त कापड धरते. शिकणाऱ्याच्या हाताकडे जवळून पाहिले की हा ‘फक्त’ टिकत नाही. दाते बंद असताना टाक्याची लांबी कोणत्याही स्क्रूवर नसते. ती पायाखालच्या वेगात आणि तळव्यांखालच्या कापडाच्या वेगात वाटली गेलेली असते. मशीन जोरात आणि हात हळू, तर टाके इवलेसे होऊन एकावर एक साचतात. मशीन हळू आणि हात जोरात, तर टाके इतके लांब पडतात की पांघरताना पायाच्या बोटाचे नख त्यात अडकावे. नवशिक्याची चूक नेहमी वळणावर दिसते: टोक जवळ आले की हात थबकतो, पाय थबकत नाही, आणि पानाच्या टोकाला धाग्याची गाठ जमते. वळणावरून झपकन निघाले की वरचा धागा खाली ओढला जातो आणि अस्तराच्या बाजूला खालचा धागा रेघ आखल्यासारखा ताणलेला दिसतो. रफूचा पाय कापडाला दाबत नसल्यामुळे त्याची कळ खाली करायची राहून जाते. पण वरच्या धाग्याचा ताण त्याच कळीने लागतो, आणि ती वर राहिली तर खाली धाग्याचे घरटे होते. हे सगळे डोक्याला कळून भागत नाही. हाताला कळावे लागते, आणि त्यासाठी फालतू कापडाच्या चौकोनांवर पुष्कळ रेघोट्या काढाव्या लागतात. हे अगदी पाटीवर अक्षर गिरवण्यासारखेच आहे, एवढाच फरक की इथे पेन्सिल एका जागी खिळलेली आणि पाटी हलवायची. म्हणूनच दोन बायकांनी एकाच मशीनवर काढलेली नागमोडी रेघ सारखी दिसत नाही. अनुभवी परीक्षकाला त्यातला हात ओळखता येतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. हाताचा धावदोरा आणि मशीनची टीप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. धावदोऱ्यात एकच धागा वर-खाली जातो, टाक्याटाक्यात श्वासाएवढी जागा राहते, क्विल्ट मऊ पडते. मशीनच्या टिपेत दोन धागे प्रत्येक टाक्याला कापसाच्या थरात एकमेकांत अडकतात. रेघ सलग आणि कडक, दाट केली तर क्विल्ट पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हे खरे आहे, आणि याचा मान ठेवला पाहिजे. बाळाच्या पांघरुणाला मी हाताचाच टाका पसंत करीन. पण यातून एवढेच सिद्ध होते की ती दोन वेगळी साधने आहेत. जलरंग आणि तैलरंग यांत कुणी खरा-खोटा करत बसत नाही. हाताच्या टाक्यांबरोबर बायकांचे एकत्र बसणे, चौकटीभोवतीच्या गप्पा जातात, अशी हळहळही व्यक्त होते. त्या बैठका प्रेमाच्या होत्या, पण क्विल्टवरचे पुष्कळ काम एकटीनेच, रात्री, दिव्याजवळ बसून झाले आहे. आणि आजचे मशीनवर शिवणाऱ्यांचे गट आठवड्याला जमतात, एकमेकींचे काम पाहतात.

खरा कठीण प्रश्न पुढचा आहे. १९८० च्या दशकापासून व्यवसायासाठी लांब हाताची क्विल्टिंग मशिने आली. त्यांत क्विल्ट चौकटीवर ताणलेली राहते आणि मशीनचे डोके रुळांवर फिरते. आता त्यांना संगणक जोडता येतो. नक्षी निवडली की मशीन ती स्वतः काढत जाते. घरगुती मशिनांवरही या शतकात टाक्याची लांबी आपोआप सारखी राखणारा पाय आला. त्यातला डोळा कापडाची चाल पाहून सुईचा वेग जुळवतो. मग हाताला परत मिळालेले पुन्हा निसटत नाही का? माझे उत्तर असे: कसोटी एकच ठेवावी, आणि ती म्हणजे रेघेची दिशा कोण ठरवते. टाका सारखा राखणाऱ्या पायात दिशा हाताचीच राहते, म्हणून तो मला मान्य आहे. लांब हाताचे मशीन माणूस मुठी धरून चालवत असेल, तर तेही फ्री-मोशनच आहे. संगणकाने काढलेली नक्षी सुबक असेल, विकत घ्यायला चांगली असेल. पण तिथे शिवणाऱ्याने रेघ काढलेली नाही, निवडली आहे. हा फरक प्रदर्शनाच्या पाटीवर स्पष्ट लिहिलेला असावा. सीमारेषा हात आणि मशीन यांच्यात आखली जाते तेव्हा हा फरक झाकला जातो, कारण हाताने फिरवलेली रेघ आणि संगणकाने फिरवलेली रेघ दोन्ही ‘मशीनची’ या एकाच खात्यात जमा होतात.

यंत्राविषयी कडक भूमिका घेणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या तरुणाशी बोलताना शिलाई मशीनचा अपवाद केला होता, हे इथे आठवते. सिंगरच्या मशीनला त्यांनी आजवरच्या मोजक्या उपयोगी शोधांत धरले. माणसाच्या कष्टांना हातभार लावणारे यंत्र आणि माणसाचे हात निरुपयोगी करणारे यंत्र यांत ते भेद करत होते. घरात बसून, आपल्या पायाच्या वेगाने चालवायच्या मशीनला त्यांनी पहिल्या वर्गात ठेवले. दाते उतरवून हाताने दिशा देणे ही त्या वर्गातली सर्वांत ठळक स्थिती आहे असे मी म्हणेन: भोक पाडण्याचा आणि धागा अडकवण्याचा कंटाळवाणा भाग यंत्राकडे, आणि जिथे मन लागते तो भाग माणसाकडे.

हा वाद अमेरिकेचा आहे, आपल्या गोधडीला त्याचे काय, असे वाचकाला वाटू शकेल. गोधडीची जात निराळी आहे हे मान्य. तिच्यात बहुधा वेगळा कापूस नसतो. जुनी लुगडी, धोतरे, साड्या एकावर एक अंथरून धावदोऱ्याने जवळजवळ रेघा घातलेल्या असतात, आणि ती जुनेर वाया न घालवण्याच्या गरजेतून जन्मली. तितके थर साध्या मशीनच्या सुईला सहजी झेपतही नाहीत. पण आता गोधडी शहरांतल्या दुकानांत आणि प्रदर्शनांत विकली जाते, बाजारात मशीनवर टीप घातलेल्या गोधड्याही मिळतात, आणि ‘हाताने शिवलेली’ ही चिठ्ठी किंमत ठरवू लागली आहे. म्हणजे अमेरिकेने १९३३ मध्ये जी चूक केली ती करायची पूर्ण सोय आपल्याकडेही झाली आहे. मशीन घेऊन घरच्या घरी गोधडी शिवणारी बाई खोटी ठरायची, आणि मजुरीवर हाताने टाके घालणारी बाई चिठ्ठीवर निनावी राहायची.

म्हणून गोधडीची, क्विल्टची प्रदर्शने आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘हाताची की मशीनची’ हा रकाना ठेवा, पण त्यावर थांबू नका. तुकडे कुणी जोडले, रेघ कुणी ठरवली, टाके किंवा टीप कुणी घातली, कोणत्या साधनाने, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे प्रत्येक कामाच्या मागे आणि तुमच्या वहीत लिहून ठेवा. आणि दोन-तीन हात लागले असतील तर सगळी नावे लिहा.